तीन दिनारांची वर्गणी

चारुलता दामले हिला व्हेनेझुएलाची खडान्‌खडा माहिती होती. ती तिथे कधी गेली नव्हती, पुढेही जाणार नव्हती, आणि स्पॅनिशचा एक शब्द तिला धड उच्चारता येत नव्हता. पण बहरीनमध्ये, मनामातल्या ज्या बँकेत ती नोकरी करत होती, त्या बँकेने कधीकाळी कुणाच्या तरी सल्ल्याने त्या देशाचे कर्जरोखे घेऊन ठेवले होते, आणि त्या देशाची तब्येत कशी आहे याचा दोन पानी रिपोर्ट दर तीन महिन्यांनी कुणीतरी लिहायचा होता. बाकीच्यांनी सौदी, कुवेत, तुर्कस्तान असे दौरे आणि मेजवान्या असलेले देश पटकावले. नवऱ्याच्या पाठोपाठ सांगलीहून नुकतीच आलेली चारुलता त्या मीटिंगमध्ये गप्प बसली, म्हणून व्हेनेझुएला तिच्या गळ्यात पडला. ही दोन हजार सहा सालची गोष्ट.

पुढची अठरा वर्षं तिने तो देश मोडताना पाहिला, एसीत बसून, इथल्या दुधाळ करक चहाचे घुटके घेत. जगातला सगळ्यात मोठा तेलसाठा जमिनीखाली, आणि वर दुकानात पीठ नाही. ती यायच्या आधीच तिथल्या सरकारी तेल कंपनीतल्या बड्या अधिकाऱ्यांना टीव्हीवर नावं घेऊन घरी बसवलं होतं, आणि मग संप केला म्हणून अठरा हजार माणसं काढली होती. म्हणजे तेल कसं काढायचं हे कळणारे गेले आणि टाळ्या कधी वाजवायच्या हे कळणारे उरले. पुढे अध्यक्षाला कितीही वेळा उभं राहता यावं म्हणून घटना बदलली. विरोधात बोलणाऱ्या चॅनेलचं लायसन संपलं ते पुन्हा मिळालंच नाही. तेलाचा भाव चढा होता तोवर खाण्यापिण्याचं सगळं बोटीने येत होतं, त्यामुळे शेतं ओस पडली. भाव कोसळला तशा बोटी थांबल्या, आणि तोवर पिकवणारे हात राहिले नव्हते. नोटांवरची चौदा शून्यं तीन वेळा मिळून खोडली गेली. सत्तर लाखांवर माणसं मिळेल त्या वाटेने देश सोडून गेली.

चारुलता हे सगळं नेटकं लिहायची. रिपोर्टच्या पहिल्या पानावर तिचं एक ठरलेलं वाक्य असे: जे सरकार लोकांकडून कर घेत नाही, ते लोकांना उत्तर देत नाही. हे वाक्य तिने दोन हजार आठ साली लिहिलं, साहेबांना आवडलं, तेव्हापासून दर तिमाहीला ते जुन्या रिपोर्टमधून उचलून नव्यात चिकटवलं जाई. बँकेतलं निम्मं शहाणपण असंच कॉपी-पेस्ट करून टिकलेलं होतं. घरी जेवताना मात्र ती रिपोर्टात न मावणारं बोलायची. "लोक गप्प कसे बसले म्हणते मी! मेंढरं आहेत का? तोंडाला काय कुलूप लावलं होतं?" विवेक, तिचा नवरा, आमटीत भात कालवत 'हूं' म्हणायचा.

बँकेत आणखी एक रीत होती, कुठे लिहिलेली नव्हती पण सगळे पाळत: आपण ज्या देशात बसलोय त्या देशाचा असा रिपोर्ट लिहायचा नाही. आखाताच्या या किनाऱ्यावरची पहिली तेलविहीर याच बेटावर लागली, तेल बेताचंच निघालं, मग व्हॅट आला, तो पाचाचा दहा टक्के झाला. यावर लिफ्टमध्येसुद्धा कुणी बोलत नसे. बारा हजार किलोमीटर लांबच्या हुकूमशाहीवर मात्र चारुलताची लेखणी तलवारीसारखी चालायची.

आणि शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, ती मंडळात जायची.

मंडळाचं नाव 'किनारा'. बुदैया रोडवर, खजुराच्या एका वाडीला लागून, जुना भाड्याचा व्हिला. त्यात एक हॉल, एक स्वयंपाकघर, आणि मागे एक खोली, जिच्यात दर शनिवारी मुलांचा मराठीचा वर्ग भरायचा. पुण्या-मुंबईचे इंजिनिअर, अकाउंटंट, बँकवाले, आणि रत्नागिरी-रायगडकडची कोकणी मुसलमान घरं, अशी दोनशेबारा कुटुंबं सभासद होती. वर्ग घेणाऱ्या बाईंचं नाव शरीफुन्निसा मुकादम. दापोलीच्या. नवरा मनामाच्या बाजारात क्लार्क होता तो वारला, मुलगा ताहिर एका शिपिंग एजंटाकडे कामाला, राहणं सलमानियात, मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत. त्यांना सगळे खाला, म्हणजे मावशी, म्हणत. पुण्याच्या शुद्ध तुपातल्या घरांची मुलं दापोलीच्या खालांकडून बाराखडी शिकत होती, कारण पुण्याच्या आयांना वेळ नव्हता आणि त्यांची मुलं घरी इंग्रजीतच उत्तरं देत होती.

खालांकडे दुसरं काम होतं वर्गणीचं. दर तीन महिन्यांनी, घरटी तीन दिनार. खालांना गाडी येत नसे, आणि बहरीनमध्ये गाडीशिवाय माणूस म्हणजे लंगडाच, म्हणून चारुलता त्यांना घेऊन जायची. काखेत पिवळं पावतीपुस्तक, पिशवीत पेन. तीन दिनार मिळायला तीन मिनिटं पुरती, पण प्रत्येक घरी पाऊण तास जाई, कारण वर्गणी दिली की माणसाला कंठ फुटतो. गणपतीत आवाज केवढा होता! नाटकात त्यांच्याच सुनेला का घेतलं? चकलीत ओवा कोणी घातला? हॉलचा एसी गळतो तो कोण बघणार? "आम्ही वर्गणी देतो, खाला, फुकट नाही!" असं प्रत्येकाचं पालुपद. खाला चहा पीत ऐकून घेत, पावतीच्या मागे टिपून ठेवत, आणि पुढच्या सभेत ते सगळं अध्यक्षांपुढे वाचून दाखवत. अध्यक्ष घाम पुसत उत्तरं देत. दर दोन वर्षांनी त्यांना कंटाळून लोक दुसरा अध्यक्ष निवडत, आणि मग त्याचा घाम काढत.

चारुलताला या वाऱ्यांचा मनस्वी कंटाळा होता. आठवड्याची सुट्टी दुसऱ्याच्या सोफ्यावर, दुसऱ्याच्या तक्रारी ऐकण्यात घालवायची. त्यातच मयुरेश सरपोतदार आले.

सरपोतदारांची कंपनी तेलाच्या कामांना परांच्या, शिड्या आणि माणसं पुरवायची. दोन हजार तेरा साली तेल शंभर डॉलरच्या वर होतं आणि सरपोतदारांचं पोटही त्याच सुमारास बटणांच्या बाहेर आलं होतं. माणूस दिलदार, बोलायला गोड, सगळ्यांना दादा-ताई म्हणणारा, आणि स्वतःला सगळ्यांकडून 'मयुरेशदादा' म्हणवून घेणारा. ते म्हणाले, व्हिलाचं भाडं मी भरतो, गणपती माझ्याकडून, फराळ माझ्याकडून. आपल्या माणसांकडून तीन-तीन दिनार कसले गोळा करता? लाज वाटते मला.

सभेत वर्गणी बंद करण्याचा ठराव कुणी मांडला? चारुलता दामले यांनी. गुरुवारी दुपारी तिने बँकेत 'जे सरकार कर घेत नाही' हे वाक्य नव्या रिपोर्टात चिकटवलं होतं, आणि शुक्रवारी दुपारी उभी राहून ती म्हणाली, "दादांनी एवढं मोठं मन दाखवलंय तर वर्गणी हवीच कशाला? दारोदार फिरणं तरी वाचेल." टाळ्यांचा कडकडाट झाला. एका डोक्यात दोन कप्पे करून मधे विटांची भिंत घालायची कला शिकल्यासवरल्या माणसांना फार चांगली जमते.

विरोधात एकच हात वर आला, खालांचा.

"अगो चारू," परत येताना गाडीत त्या म्हणाल्या, "तीन दिनार देतंत म्हनून तर तीन तास बोलतंत. पैसं घ्यायचं बंद केलंस, आता त्यांचं आयकायचं पन बंद होल."

"खाला, तुमचे पाय दुखतात ना? मग बरं झालं की!" चारुलता म्हणाली. खालांनी पावतीपुस्तक पिशवीत घातलं.

लवकरच दादा अध्यक्षही झाले, आणि पहिली दोन वर्षं स्वर्ग होता. गणपतीला पुण्याहून ढोलपथक विमानाने आलं. दिवाळीचा फराळ कार्गोने यायचा, घरटी दोन किलोचा खोका, फुकट. आधी चाळीस बायका मंडळाच्या स्वयंपाकघरात चार दिवस राबायच्या, भांडायच्या, चकल्या पाडायच्या. ते बंद झालं. सोऱ्या कपाटात गेला, कढया कुणी कुणी घरी नेल्या. आयतं खायला मिळाल्यावर कोण चटके सोसून घेतंय! तक्रार करायला तोंड उरलं नव्हतं, कारण त्या तोंडात दादांची करंजी होती.

मग दादांना तिसऱ्यांदा अध्यक्ष व्हायचं होतं, आणि मंडळाच्या घटनेत दोनदाच होता येत होतं. ती ओळ काढून टाकली. नवी घटना टाईप करायचं काम 'आपल्या बँकेतल्या ताईं'ना दिलं. चारुलताने सवयीप्रमाणे जुनी घटना उचलली, सांगितलेलं एक कलम खोडलं, बाकीचं जसंच्या तसं चिकटवलं आणि मंडळांची नोंदणी ठेवणाऱ्या इथल्या मंत्रालयात दाखल करायला देऊन टाकली. नाटक बसवणाऱ्या स्मिताने तेव्हा विचारलं की ही काय राजेशाही आहे का. पुढच्या कोजागरीला, स्टेजवरून, माईकवर, मसाला दुधाचे पेले वाटले जात असताना दादांनी जाहीर केलं की स्मिताताईंनी नाट्यविभागातून विश्रांती घेतलेली आहे. स्मिताला ही बातमी त्याच माईकवरून कळली. लोकांनी दूध प्यायलं. स्मिता वर्षभरात दुबईला निघून गेली, आणि नाटकात त्यानंतर सरपोतदारांचे मेहुणे नायक होऊ लागले. वय छप्पन्न.

तेल कोसळलं तशी विवेकची जुनी नोकरी गेली. त्याला पोटाशी कुणी धरलं? दादांनी. स्वतःच्या कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर केलं, अमवाज आयलंड्सवर समुद्रासमोरचा कंपनीचा फ्लॅट दिला. व्हिसा त्यांचा, घर त्यांचं, गाडी त्यांची. चारुलताने देवापुढे पेढे ठेवले. त्या दिवसापासून जेवताना ती व्हेनेझुएलाच्या लोकांना थोडं अधिकच जोरात मेंढरं म्हणू लागली.

एकदा तिचा मुलगा ओजस, तेव्हा बारावीत, टेबलावर पडलेला तिचा रिपोर्ट चाळत होता. निवडणूक पुढे ढकलली, टीकाकार परदेशी गेले, खायला बाहेरून आणलं म्हणून देशात पिकणं बंद झालं, असं वाचत वाचत तो हसायला लागला.

"आई, धिस इज मयुरेश अंकल!"

"काहीतरी बरळू नकोस," चारुलता म्हणाली आणि रिपोर्ट हिसकावून घेतला. विवेकने उठून दार नीट लागलंय का ते बघितलं. स्वतःच्या घरात, पाचव्या मजल्यावर, समोर समुद्र.

करोनात मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप 'तात्पुरता' फक्त अ‍ॅडमिननेच लिहायचा असा करून टाकला. अ‍ॅडमिन तिघे: दादा, मेहुणे आणि दादांची पुतणी कश्मिरा. करोना गेला, व्हॅक्सिन झालं, मास्क गेले. तात्पुरतं तेवढं राहिलं. दोनशे कुटुंबं रोज सकाळी दादांचा फोटो असलेला सुविचार मुकाट्याने बघत होती. निवडणूक एकोणीस साली सोयीसाठी, वीस साली रोगासाठी, बावीस साली दादांच्या साठीसाठी पुढे गेली. हॉलमध्ये दादांची पुरुषभर उंचीची तसबीर लागली, हार घातलेली, तीही माणूस जिवंत असताना.

आणि मग दादांचं मोठं कंत्राट संपलं, नवं मिळालं नाही. व्हिलाचं भाडं थकलं. एसी बंद पडला, तो बंदच. त्या वर्षी फराळ आला तो निम्मा, घरटी पाव किलोचं पाकीट, आणि बुदैया रोडवर गाड्या लावून बँकवाले, इंजिनिअर, ज्यांच्या घरी दोन-दोन फ्रीज, ते सहा चकल्यांसाठी उन्हात रांगेत उभे राहिले. पुढच्या वर्षी तेही नाही. कुणीतरी म्हणालं, घरीच करू. तर सोऱ्या गंजलेला, आणि भाजणीचं प्रमाण कुणाच्या लक्षात नाही. दादांनी ग्रुपवर लिहिलं की काही विघ्नसंतोषी मंडळी 'किनारा'ला बदनाम करत आहेत. चकलीत विघ्नसंतोष कुठून शिरला हे विचारायला कुणाला जागाच नव्हती. चाळीसेक घरं गुपचूप गळली.

मागची खोली, खालांच्या वर्गाची, दादांनी एका जिमवाल्याला भाड्याने दिली. वर्ग 'तात्पुरता' बंद.

खाला शनिवारी नेहमीप्रमाणे आल्या. दाराला कुलूप बघून त्यांनी व्हिलाच्या पायऱ्यांवर चटई टाकली आणि जी सहा मुलं आली त्यांना तिथेच 'क्ष' गिरवायला बसवलं. असे चार शनिवार गेले. कुणीतरी फोटो काढून फेसबुकवर टाकला. म्हातारी बाई, उन्हं, पायऱ्या, पाट्या. खाली लोकांनी विचारलं, हेच का तुमचं मंडळ? दादांच्या वर्मी लागलं. त्यांनी सभा बोलावली, सहा वर्षांत पहिली. विषय एकच: मंडळविरोधी कृत्यांबद्दल श्रीमती शरीफुन्निसा मुकादम यांचं सभासदत्व रद्द करणे. सभासदच नाही म्हटल्यावर वर्ग कसला आणि पायऱ्या कसल्या.

ऑक्टोबरच्या शुक्रवारी चार वाजता हॉल भरला. पंखे गरम हवा ढवळत होते. चारुलता तिसऱ्या रांगेत बसली होती, शेजारी विवेक. येताना गाडीत त्याने एवढंच म्हटलं होतं, "आज काही बोलू नकोस हं." तिने उलट विचारलं होतं, "मी कधी बोलते?" आणि हे अगदी खरं होतं.

दादांनी मंडळाच्या उज्ज्वल परंपरेवर वीस मिनिटं घेतली. मग ठराव वाचला. "कुणाला काही म्हणायचंय?" असं त्यांनी विचारलं, विचारताना माईक खाली ठेवत.

खाला उठल्या. काखेत पिवळं पावतीपुस्तक होतं. चारुलताने ते अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं.

"माझा एकच प्रश्न हाय," खाला म्हणाल्या. "मना काढनारे सभासद कोन?"

खालांनी चष्मा लावला आणि घटनेची झेरॉक्स उघडली. "कलम सात. वर्गणीदार सभासदासच सभेत मत देण्याचा आणि प्रश्न विचारण्याचा अधिकार राहील." त्यांनी कागद खाली केला. "अकरा वरसं हितं कोनी वर्गनी देल्लीच नाय. मी देल्लंय. दर तीन म्हयन्यानी ताहिरकडनं मंडळाच्या खात्यात तीन दिनार भरतंय, आनि ही माझी पावती फाडतंय. सगल्या पावत्या हायत. ह्या हॉलात एकच सभासद हाय, दादा. तुमी पन नाय."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकल्यात लपवलं. सरपोतदारांचा चेहरा तांबडा झाला, मग पांढरा, मग पुन्हा गोड.

"चारुताई," ते म्हणाले, "ही घटना तुम्हीच टाईप केली होतीत ना?"

सगळ्या माना तिसऱ्या रांगेकडे वळल्या.

चारुलता उभी राहिली. कलम सात तिला चांगलं आठवत होतं. त्यात चूक काही नव्हती. मंडळाची सगळी घटना त्या एका कलमावर उभी होती, आणि तिने वर्गणी काढून टाकल्यावरही ते कलम मागे तसंच उभं राहिलं होतं. आता नुसतं 'बरोबर आहे' एवढं म्हटलं असतं तरी सभा मोडली असती. खाला तिच्याकडे बघत होत्या, विनवणी न करता, सरळ.

"मग सगळ्यांना सांगा," दादा म्हणाले, "की ती टायपिंगची चूक आहे. विवेक, तुमच्या मिसेसला पाणी द्या बुवा."

विवेकने बाटली पुढे केली. तिला फ्लॅट दिसला, ओजसची नेदरलंड्समधली फी दिसली, व्हिसाची तारीख दिसली. अठरा वर्षं दुसऱ्यांच्या भित्रेपणाचं पोस्टमॉर्टेम करणारी ही विदुषी दोन सेकंदांत ढेपाळली.

"हो. जुन्या घटनेतून चुकून तसंच आलं," ती म्हणाली. "चूक आहे ती."

"झालं तर मग! खलास!" दादांनी टाळी वाजवली. "चूक दुरुस्त झाली. ठरावाच्या बाजूने हात वर करा."

हात वर झाले. पुढच्या रांगेचे आधी, मग मागचे, मागे वळून इतरांचे झालेत का ते बघत. घड्याळं घातलेले हात, बांगड्या घातलेले हात. ज्यांची मुलं खालांकडे 'अ' गिरवून गेली होती ते हातही त्यांत होते. चारुलताचा हात वर होता हे तिला तेव्हा कळलं, जेव्हा खाला झेरॉक्सची घडी घालून, चष्मा पुसून, तिच्या समोरून दाराकडे गेल्या.

त्या आठवड्यात तिमाहीचा रिपोर्ट लिहायचा होता. चारुलताने जुनी फाईल उघडली. 'लोकांनी प्रतिकार का केला नाही याचं समाधानकारक स्पष्टीकरण मिळत नाही', हे तिचंच वाक्य गेली कित्येक वर्षं शेवटच्या परिच्छेदात होतं. तिने कर्सर त्या वाक्यावर नेला. शेवटी तिने ते होतं तसंच ठेवून पाठवून दिलं. साहेबांनी 'गुड' म्हणून कळवलं.

शनिवारी ती सलमानियाला गेली. विवेकला भाजी आणते म्हणून सांगितलं. पर्समध्ये एक पाकीट होतं आणि त्यात अकरा वर्षांची वर्गणी, एकशेबत्तीस दिनार. पाप असं एकरकमी मिटवता आलं तर कुणाला नको असतं!

खालांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांतून गोंगाट ऐकू येत होता. दार उघडंच होतं. बाहेर चपलांचा ढीग होता, चौदा जोड तरी असतील. आत पलंग भिंतीला उभा करून चटया घातल्या होत्या, आणि दारातल्या स्टुलावर बिस्किटांचा डबा होता, त्यावर वहीचा कागद चिकटवलेला: वर्गणी, महिना अर्धा दिनार. एक आठ वर्षांची मुलगी कमरेवर हात ठेवून भांडत होती. मागच्या शुक्रवारी हिच्या बापाने दुसऱ्या रांगेतून हात वर केला होता. आता पोरगी इथे पाठवली होती, अर्धा दिनार देऊन, बहुतेक दादांना कळणार नाही अशा बेताने.

"नो, खाला! आय पेड! मला घोड्याचीच गोष्ट पाहिजे!"

"निधी, आज कोल्ह्याची. घोड्याची पुढल्या टायमाला."

"मी वर्गणी दिलीय!" निधी मराठीत ओरडली. हे वाक्य तिचं अगदी शुद्ध आलं.

खाला हसल्या. "बरं बाय. घोड्याची." मग त्यांना दारात चारुलता दिसली, आणि हसू थांबलं. मुलांना गिरवायला लावून त्या दाराशी आल्या. आत या म्हणाल्या नाहीत.

"खाला," चारुलता म्हणाली. "मी... वर्गणी द्यायला आलेय. सगळी. मागची पण." तिने पाकीट पुढे केलं.

खालांनी पाकिटाकडे बघितलं नाही. स्टुलावरचं पिवळं पावतीपुस्तक उचलून त्यांनी काखेत धरलं, पूर्वी घरोघर धरायच्या तसं.

"चारू, मी वर्गनीदार हाय. त्यांनी काढलं तरी पावत्या हायत माझ्याकडं. म्हनजे मना विचारायचा हक हाय, आनि तुना उत्तर द्यायला लागल." त्यांचा आवाज चढला नव्हता. "कलम सात ती चूक होती? का तू खोटं बोललीस?"

आतली मुलं गिरवायची थांबली. चौदा जणं दाराकडे बघू लागली. समोर हॉस्पिटलच्या रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. चारुलताने पाकीट पुन्हा पुढे केलं, जवळजवळ खालांच्या हातात कोंबलं.

खालांनी ते दोन बोटांनी परत तिच्याकडे सरकवलं.

"आधी उत्तर," त्या म्हणाल्या. "पैसं मंग."